टोमॅटोचे शेंडे आकसलेत, कुणी बघाल का?

७ जुलै, एडिसन, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या मीटिंगच्या धबडग्यात मधेच हा मेल टाकतेय, सांभाळून घ्या. मागच्या अंगणातल्या वाफ्यात आठ टोमॅटो आहेत, आठांचेही शेंडे आकसलेत. नवी पानं शेपूसारखी बारीक नि पिळवटलेली. खालच्या पानांवर वेगळेच ठिपके, ती पिवळी पडून गळताहेत. बाबांना नारायणगावला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर बघताक्षणी म्हणाले, "व्हायरस आहे, उपटून टाक. पांढरी माशी असणार." मला माशी एकही दिसली नाही. आणि मार्चपासून खिडकीत वाढवलेली रोपं उपटायला हात होत नाही. फोटो जोडलेत.
मे.

८ जुलै, पार्सिपनी

अगं, इप्सम सॉल्ट घाल! गॅलनभर पाण्यात एक चमचा. पान पिवळं दिसलं की मी तेच करते. वरून आंबट ताक फवार.
वहिनी

८ जुलै, प्रिन्स्टन

वहिनी, रागावू नका, पण इप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम. ते कमी पडलं तर जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. शेंडा आकसत नाही. उगाच जास्त घातलं तर झाडाला कॅल्शियम घेणं जड जातं आणि फळाचं बूड काळं पडतं. ताक कढीला ठेवा.

मे., फोटो मोठे करून पाहिले. एकाच झाडाला दोन दुखणी आहेत, त्यांची गल्लत करू नकोस. तिसऱ्या फोटोतला ठिपका बघ. मोहरीएवढा, मधे राखाडी, कड काळपट. भिंग असेल तर राखाडी भागात सुईच्या टोकाएवढे काळे कण दिसतील. हा सेप्टोरिया, बुरशी आहे. करप्याचा डाग याहून मोठा असतो आणि त्यात कापलेल्या ओंडक्यासारखी वर्तुळं असतात. सेप्टोरिया पावसाच्या शिंतोड्यांनी खालून वर चढतो. ठिपक्यांची पानं काढून कचऱ्यात टाक, बुडाशी पेंढा पसर, पाणी मुळाशी दे. झाड ओलं असताना हात लावू नकोस. एवढ्यानं तो पसरायचा पुष्कळ मंदावतो.

शेंड्याबद्दल मात्र आधी मला सांग: वाफ्यात यंदा नवीन काय घातलंस? आणि त्याच अंगणात बाकी काय काय लावलंय, ते कसं आहे?
काका

९ जुलै, एडिसन

काका, घोड्यांच्या तबेल्यातून लीद आणली होती, चांगली कुजलेली, फुकट. तीच सगळीकडे घातली. मका झकास आहे, माझ्या खांद्याला लागतोय. मेथी मात्र धड आलीच नाही, पानं वाटीसारखी वळली. मला वाटलं बी जुनं असेल. हो, आणि दोन टोमॅटो बादल्यांत आहेत, विकतच्या पिशवीतल्या मातीत. त्यांना काही झालेलं नाही!
मे.

९ जुलै, प्रिन्स्टन

मग माझा संशय लिदीवर. बाबांची शंकाही रास्त आहे बरं. काकडीच्या मोझॅकच्या विषाणूनंही टोमॅटोचं पान दोरीसारखं होतं, आणि २०२० साली तिकडे महाराष्ट्रात 'तिरंगा' टोमॅटोचा, म्हणजे एकसारखं न पिकता रंगीबेरंगी होणाऱ्या फळांचा, बोभाटा झाला तेव्हा तपासणीत इतर विषाणूंबरोबर तोही निघाला होता. पण विषाणू आधी एखाददुसऱ्या झाडाला धरतो, मग पसरतो. आठही झाडं एकदम, बादल्या सुखरूप, मेथी वळलेली आणि मका खुशाल? असं निवडून फक्त तणनाशक मारतं.

कुरणातलं रुंद पानांचं तण मारायला क्लोपिरॅलिड, अमिनोपिरॅलिड अशी औषधं वापरतात. गवताला त्यांचं काही होत नाही आणि मका गवताच्याच कुळातला. घोडा ते वाळलेलं गवत खातो, औषध पोटातून जसंच्या तसं लिदीत उतरतं. लीद कुजली तरी ते लवकर जात नाही. टोमॅटो, मेथी, घेवडा यांना त्याचा अंशही पुरतो.

माझ्यावर विसंबू नकोस, घेवड्याला विचार. तीन कुंड्यांत वाफ्यातली माती, तीन कुंड्यांत बादलीतली. प्रत्येकीत चार बिया. दोन्हींच्या बशा वेगळ्या ठेव, एकीचं पाणी दुसरीत जाता कामा नये. तीन आठवड्यांत कळेल. तोवर टोमॅटोवर काहीही फवारू नकोस.
काका

१ ऑगस्ट, एडिसन

काका, आज मोजलं. बादलीतल्या मातीत बारापैकी अकरा उगवले, पानं तळहातासारखी सपाट. वाफ्यातल्या मातीत दहा उगवले, पण पहिली जोडी उघडली आणि तिसरं पान मुठीसारखं मिटलेलंच. दोन्ही कुंड्या शेजारी ठेवून फोटो काढलाय, मला तर रडूच आलं. बाबांना दाखवला. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे तिकडं गवताला औषध मारतात?" आणि पुढची पंधरा मिनिटं त्याच्यावरच बोलत राहिले.

भिंगातून काळे कणही दिसले. खालची पानं काढली, पेंढा घातला, ठिपके वर चढायचे थांबलेत. वाफ्यातले टोमॅटो शेवटी काढले. आता तिथे काय करू?
मे.

१ ऑगस्ट, प्रिन्स्टन

काढलेली झाडं कंपोस्टात टाकू नकोस, तेच फिरून येईल. वर उरलेली लीद खरवडून बाजूला कर. माती अधूनमधून खणत राहा, ओलसर ठेव. जमिनीतले जिवाणू हळूहळू औषध खातात, ढिगात ते तसंच बसतं. पुढच्या वर्षी तिथे मकाच लाव, आणि टोमॅटो लावण्याआधी परत घेवडा.
काका

१ ऑगस्ट, एडिसन

मंडळी, मे महिन्यात माझ्याकडून त्या लिदीच्या पिशव्या नेलेल्या सहाही घरांनी कृपया लक्ष द्या: भाजीला घालू नका. लॉनवर पसरलीत तर चालेल, पण ते कापलेलं गवत कंपोस्टात नको. ज्यांनी आधीच घातलीय त्यांनी मला फोन करा. घेवड्याच्या बिया माझ्याकडे उरल्यात.
मे.