संदर्भचित्र समोर नसताना चित्र काढायला कसे शिकावे?

प्रश्न

गेली सहा वर्षे मी फावल्या वेळात पेन्सिलने व्यक्तिचित्रे काढतो. मोबाइलमधले छायाचित्र समोर ठेवायचे, त्यावर आणि कागदावर सारख्या चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट भरत जायचे, ही माझी पद्धत आहे. चेहरा हुबेहूब उतरतो. परंतु गेल्या महिन्यात आठ वर्षांच्या भाचीने "मामा, आजी पावसात छत्री सावरत एसटीत चढते आहे, असं चित्र काढ ना," असा हट्ट धरला आणि मी कोऱ्या कागदासमोर अर्धा तास बसून राहिलो. ज्या आईला मी जन्मभर पाहत आलो, तिचा पायरीवर टाकलेला पाय गुडघ्यात किती वाकतो, छत्री धरलेल्या हाताचे कोपर कुठे येते, यातले काहीही मला काढता येईना. शाळेत असताना इंटरमिजिएटच्या परीक्षेत मला चांगली श्रेणी मिळाली होती; पण स्मरणचित्रासाठी मी बाजाराचे एकच चित्र पाठ करून गेलो होतो. आता छायाचित्रे वापरणे पूर्णपणे थांबवावे का? सुरुवात कुठून करावी?

उत्तर १ (निवृत्त कलाशिक्षक)

छायाचित्रे थांबवू नका, पण ती समोर ठेवून काढणे काही दिवस थांबवा. आपण ज्याला मनाने काढणे म्हणतो, त्याचा बराचसा भाग स्मरणाचाच असतो, आणि स्मरण सरावाने वाढवता येते. पॅरिसमध्ये लकोक द ब्वाबोद्राँ या शिक्षकाने एकोणिसाव्या शतकात नेमके हेच शिकवले. पुढे शिल्पकार म्हणून जगप्रसिद्ध झालेला रोदाँ हा त्यांचाच विद्यार्थी होता.

घरातली एखादी वस्तू, समजा अडकित्ता, पाच मिनिटे केवळ पाहा. पेन्सिल हातात घेऊ नका. दोन्ही पाती कुठे जोडली आहेत, मूठ पात्याच्या किती पट लांब आहे, हे मनातल्या मनात शब्दांत सांगा. मग ती वस्तू दुसऱ्या खोलीत ठेवून चित्र काढा आणि काढून झाल्यावर परत आणून चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी तीच वस्तू, न पाहता. लाल रेघा जिथे पडतात, तिथे आपण पाहिलेलेच नसते.

पोळ्याचे स्मरणचित्र दिले की माझ्या वर्गातील बहुतेक मुले बैलाचा मागचा पाय माणसाच्या पायासारखा पुढे वाकवीत. मागे टोक काढलेला जो सांधा दिसतो, तो बैलाचा घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. हे एकदा समजावून दिले आणि गोठ्यात नेऊन दाखवले की ती चूक पुन्हा सहसा होत नसे. पाठ केलेल्या चित्रातून हे ज्ञान येत नाही, याचे मला शिक्षक म्हणून कायम वाईट वाटत आले.

उत्तर २ (ॲनिमेशन क्षेत्रात कार्यरत)

सरांच्या पद्धतीविषयी मला आदर आहे, पण एक भर घालावीशी वाटते. स्मरणात वस्तू बहुधा एकाच बाजूने साठते आणि कल्पनाचित्रात ती फिरवावी लागते. चौकटींच्या पद्धतीने तुमच्या डोळ्याला सपाट आकार मोजण्याची सवय लागली आहे. धडाला पेटी, दंडाला नळकांडे मानून ते कागदावर वळवण्याची सवय लागलेली नाही. रोज वीस पेट्या वेगवेगळ्या कोनांतून काढा, मग त्यांत माणसे बसवा.

तुमच्या चित्रात आधी क्षितिजरेषा ठरवा. पाहणारा त्याच सपाट जमिनीवर उभा असेल, तर त्याच्याच उंचीच्या सर्व उभ्या माणसांचे डोळे, ती जवळ असोत वा लांब, त्याच रेषेवर येतात. एवढ्या एका नियमाने स्टँडवरची गर्दी उभी राहते. दक्षिण कोरियाचे किम जुंग गी (१९७५–२०२२) प्रेक्षकांसमोर भिंतीएवढ्या कागदावर, पेन्सिलीचा कच्चा आराखडा न करता थेट शाईने चित्रे काढीत; त्यामागे लहानपणापासूनचे अखंड निरीक्षण होते.

उत्तर ३ (बालपुस्तकांची चित्रकार)

डोळे मिटल्यावर मला काहीही दिसत नाही. या अवस्थेला २०१५ मध्ये 'अफँटेशिया' हे नाव मिळाले. तरीही मी वीस वर्षे मनाने चित्रे काढून उदरनिर्वाह करते आहे, म्हणून 'मनात चित्रच दिसत नाही' या कारणाने कोणी थांबू नये. मी पोस्टाच्या तिकिटाएवढी दहा-बारा कच्ची रेखाटने करते आणि आकार कागदावरच ठरतो. शिवाय स्वतः उंच पायरी चढून पाहा, दादा. भार कोणत्या पायावर आहे, कंबर कोणत्या बाजूने उचलली जाते, हात कशाचा आधार शोधतो, हे शरीर सांगते. तो संदर्भ कुठल्याही फोटोपेक्षा जवळचा आहे.

प्रश्नकर्ता (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. दोन रविवार मी मोबाइल खिशात ठेवून पावसात एसटी स्टँडवर उभा राहिलो. उघडी छत्री घेऊन त्या अरुंद दारातून कोणीच चढत नव्हते. आज्या आधी पिशवी वरच्या पायरीवर टेकवत, मग छत्री मिटून काखेत धरत, डाव्या हाताने दांडा पकडत आणि उजव्या हाताने निऱ्या किंचित उचलून पाय टाकत. घरी येऊन काढलेल्या चौथ्या चित्रात दांडा धरलेला हात अजून आखूड आहे, बसची पेटीही तिरकी झाली आहे. पण भाचीने पिशवीकडे बोट दाखवून "ही आजीचीच," असे लगेच सांगितले. वाकलेल्या गुडघ्यावर नऊवारीच्या चुण्या कुठून सुटतात आणि कुठे ताणल्या जातात, हे मात्र अजून नीट कळलेले नाही. त्याविषयी कोणी सांगू शकेल का?