बोळी-पायसम चालतं, मग गुलाबजाम चीजकेकने काय घोडं मारलंय?

पायपीट
मागच्या महिन्यात तिरुवनंतपुरमला एका लग्नात जेवलो. केळीच्या पानावर सगळं आटपलं आणि वाढप्याने एक पिवळीधमक, रुमालासारखी पातळ पोळी टाकली. म्हणाला, बोळी. मोडून बघतो तर आत हरभऱ्याच्या डाळीचं पुरण! घरापासून इतक्या लांब पुरणपोळी भेटली म्हणून मी तूप शोधतोय, तोवर त्याने पळीभर पाल पायसम, म्हणजे आपली तांदळाची खीर, थेट तिच्यावर ओतली. शेजारचे काका सगळं कुस्करून ओरपत होते. मीही तेच केलं. आमच्या आजीने पाहिलं असतं तर पंगतीतून उठवलं असतं.

तिथून तुतिकोरीन. तिथे मॅकरून मिळतात. पांढरेशुभ्र, टोकदार, तोंडात टाकले की कुर्रकन मोडून विरघळणारे. अंड्याचा पांढरा बलक, साखर आणि काजू, बस. मूळ पोर्तुगीजांचं, त्यात बदाम असायचा. इथे काजू आला. गंमत म्हणजे काजूही त्यांनीच ब्राझीलहून आणलेला.

म्हणून म्हणतो, प्रवासात गोड खाताना 'अस्सल'चा हट्ट धरणारे अर्ध्या मजेला मुकतात. फ्यूजनच्या नावाने नाकं मुरडणाऱ्यांनी इथे यावं.

कढीपत्ता
आलो.
बोळी-पायसम फ्यूजन कुठून झालं? पुरणपोळी दुधात कुस्करून खाणारे आपल्याकडे घरोघरी आहेत, तिथे दुधाऐवजी खीर. आजीने उठवलं नसतं, उलट दुसरी वाढली असती.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. एका थंड हवेच्या ठिकाणी कॅफेत गुलाबजाम चीजकेक मागवला. ३२० रुपये. फ्रीजमधला गारढोण तुकडा, वर अर्धा गुलाबजाम, तोही दगड. ठीक आहे, फसलो. पण तोच तुकडा मला पुढे गोकर्णात दिसला, जयपूरलाही दिसला. मग मी घरातून निघालो कशाला?

याउलट बनारसचं मलइयो घ्या. थंडीत दूध उकळून रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे घुसळून नुसता फेस काढतात, केशर-वेलची घालून कुल्हडात देतात. खाऊन झालं की त्याच कुल्हडात वर केशरी दूध ओततात. ऊन चढलं की संपलं. मे महिन्यात गेलात तर मिळणारच नाही, कितीही पैसे फेका. प्रवासात गोड खायचं ते असं.

रातराणी
रुमाल टाकून ठेवते. साखर काल तपासलीय, नुसतं वाचणार.

मोझमजाही
हैदराबादेत तीस वर्षं काढलेला मराठी माणूस बोलतोय. 'डबल का मीठा' म्हणजे काय? डबल रोटी, म्हणजे पाव. तुपात तळायचा, पाकात आणि आटीव दुधात मुरवायचा. पाव साहेबाचा, बाकी सगळं इथलं. लग्नात तो नसेल तर पाहुणे नाव ठेवतात. कढीपत्ता, तुम्ही तेव्हा असतात तर म्हणाला असतात, 'पावाचा कसला गोड पदार्थ, आमचा शीर कुर्मा बरा.'

कढीपत्ता
@मोझमजाही, म्हणालोच असतो. आणि चूक ठरलो असतो, मान्य.
पण तुमचा पाव आणि पायपीट यांचा काजू, दोन्ही ठिकाणी कारण आहे. जे हाताशी होतं ते वापरलं, मग हात बसला. चीजकेकवर गुलाबजाम ठेवण्यामागे फोटो सोडून कारण काय?

पायपीट
कारण नंतर चिकटवता येतं हो. आपल्या लग्नातलं फ्रूट कस्टर्ड आठवा. कस्टर्ड पावडर १८३७ साली इंग्लंडात आल्फ्रेड बर्ड यांनी काढली, बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून. तिच्यात आपण केळी, चिकू, डाळिंबाचे दाणे घातले आणि पुरीबरोबर खायला लागलो. पुरीबरोबर! त्याला कुणी फ्यूजन म्हणालं?

रातराणी
पुरी बुडवून. नका हो आठवण काढू.

छावणीवाली
इंदूरहून. इथे नवखी माणसं उन्हाची वणवण करून 'शिकंजी' मागतात, लिंबूपाणी येईल म्हणून. समोर येतं दाट, केशरी, सुक्या मेव्याचं दूध. तोंडं बघण्यासारखी होतात. हे तुमच्या कुठल्या खात्यात, फ्यूजन की अस्सल?

आणि सराफ्यात दिवसा सोनं, रात्री जिलबी. तिथेही आता चॉकलेटचं काहीबाही विकणारे बसलेत. माझा मुलगा आधी तिथे धावतो, मी मावाबाटीकडे, म्हणजे आत सुकामेवा भरलेल्या खव्याच्या गुलाबजामकडे. दोघं भांडत नाही.

कढीपत्ता
@छावणीवाली, भांडू नका, पण मावाबाटीवाल्याच्या गाडीची जागा उद्या त्या चॉकलेटवाल्याने घेतली तर? माझी भीती तेवढीच. मलइयोला माणूस पहाटे उठून राबतो. चीजकेक ट्रकमधून येतो. दुकानाचं भाडं कोणाला परवडेल ते सांगा.

मोझमजाही
हा मुद्दा पटला. चवीचा नाही, भाड्याचा आहे.

पायपीट
निम्मा पटला. कोलकात्यात बेक्ड रसगुल्ला खाल्लाय का? वरून भाजलेला, आटलेल्या दुधाचा थर. तो ट्रकमधून येत नाही, मिठाईवालेच करतात.

कढीपत्ता
खाल्लाय.

रातराणी
किती?

कढीपत्ता
चार. पण तो रसगुल्लाच आहे, उगाच मोजू नका.

छावणीवाली
😂 पायपीट, ते तुतिकोरीनचे मॅकरून प्रवासात टिकतात का? जानेवारीत जातेय, आईला आणायचेत.

पायपीट
घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, दमट हवेत मऊ पडतात. किती दिवस टिकतात ते मात्र विचारू नका. माझे मदुराई यायच्या आत संपले.