लाकडी ग्वा शा खरखरीत झालाय, वासही येतो. काय करू?

मोगरा:
आईची मान आणि खांदे कायम आखडलेले असतात. रात्री तिळाचं तेल लावून मी ग्वा शाची, म्हणजे त्वचेवर घासून करायच्या चिनी मालिशची, लाकडी पट्टी फिरवते, तिला खरंच बरं वाटतं. पण आता पट्टीची कड खरखरीत लागते आणि तेलाचा खवट वास साबणाने धुऊनही जात नाही. उकळत्या पाण्यात घालू का? दगडाची पट्टी तिला गार लागते, त्यामुळे लाकडीच हवी आहे.

रंधा:
उकळू नका, कृपा करून! मी लाकूडकाम करतो. लाकूड पाणी प्यायलं की फुगतं, वाळलं की आक्रसतं, आणि तेही सगळ्या बाजूंनी सारखं नाही. म्हणून ते वाकतं, चिरतं. कड खरखरीत होते तीही पाण्यामुळेच. ओलाव्याने लाकडाचे तंतू उभे राहतात.

आधी उजेडात कड नीट बघा. चीर किंवा कुसळ दिसलं तर पट्टी बाद करा, मानेवर ती नकोच. नुसती खरखर असेल तर ओलसर फडकं फिरवा, पूर्ण वाळू द्या, मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलक्या हाताने घासा. आडवा घासलात तर ओरखडे राहतात. हे दोनदा केलं की पुढे ओल लागली तरी तंतू फारसे उठत नाहीत.

वास मुरलेल्या तेलाचा आहे. तीळ, बदाम ही तेलं हवेने खवट होतात. वरचा थर घासून निघाला की बराचसा वास जाईल. मग मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन चोळा, रात्रभर मुरू द्या आणि उरलेलं पुसून घ्या. ते खवट होत नाही. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल मात्र नको. ते लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात.

पाऊलवाट:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, थोडं वापराबद्दल. पट्टी त्वचेला जवळजवळ आडवी धरा, कड उभी रोवू नका. मानेकडून खांद्याकडे, एकाच दिशेने. मणक्याच्या हाडावर, तिळावर, पुरळावर, फुगलेल्या शिरांवर नाही. जोरात घासलं की लाल ठिपके उठतात. ते त्वचेखाली झिरपलेलं रक्त असतं आणि काही दिवसांत जातं. २००७ च्या एका छोट्या अभ्यासात घासलेल्या जागी त्वचेतला रक्तप्रवाह काही मिनिटं चौपट झालेला दिसला होता. पण आराम मिळायला ठिपके उठायलाच हवेत असं नाही. आई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात का?

मोगरा:
नाही, फक्त थायरॉइडची गोळी. मी आजवर वरून खाली आणि परत वर असंच करत होते, आता एका दिशेने करेन. रंधा दादा, रोज स्वच्छ कशी करायची? आणि माझ्यासाठी तीच वापरली तर चालेल?

रंधा:
कोरड्या कापडाने आधी तेल टिपा, मग सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं फिरवून लगेच पुसा. भिजत ठेवायची नाही. कडेवर उभी करून सावलीत वाळवा, म्हणजे दोन्ही बाजूंना वारा लागतो. ओली असताना डबीत बंद केली तर बुरशी धरेल. आणि स्वतःसाठी वेगळी घ्या, ताई. लाकूड सच्छिद्र असतं, दगडासारखं निर्जंतुक करता येत नाही.