फक्त महिलांसाठीचे कार्यक्रम: एक संध्याकाळ असू दे की
वर एका दादांनी लिहिलंय की हॉटेलवाल्यांनी 'फक्त महिलांसाठी' झिम्मा-फुगडीची संध्याकाळ ठेवणं हा पुरुषांवर अन्याय आहे. दादा, मुद्दा बरोबर आहे, घटनेच्या कलम १५(२) मध्येच आहे की दुकानं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा इथं निव्वळ लिंगावरनं कुणाला अडवायचं नाही, आणि १५(३) मध्ये बायकांसाठी खास सोय करायची मुभा सरकारला आहे, धंदेवाल्याला नव्हे.

पण गेल्या श्रावणात आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेत एका हॉलवर असाच कार्यक्रम होता, आईला अक्षरशः ओढत नेलं. साठीची बाई, लग्नानंतर फुगडी कधी घातली नव्हती, पदर खोचला, हात धरले आणि अशी गरागरा फिरली की बांगड्यांचे वळ उठले मनगटावर. घरी येताना म्हणाली, "आज कोण बघतंय ह्याचं भ्याच नव्हतं गं." रंकाळा तलावावर ती असं करेल? शक्यच नाही, मोबाईल धरून शूटिंग करणारी पोरं उभीच असतात तिथं.

म्हणून मला वाटतं वर्षातनं एखादी संध्याकाळ ठेवावी, बाकी दिवस जागा सगळ्यांना मोकळी पाहिजे. एक मात्र लई खटकलं, दारात एका बाईच्या दहा वर्षांच्या पोराला अडवलं, ती बिचारी तिकीट हातात घेऊन तशीच परत गेली. लहान पोरांचं काय ते तिकिटावरच छापा की आधी.