रोजचा एमआयएस रिपोर्ट आणि गोदामातला माल जुळत नाही, ईआरपी घ्यावं का?

भोसरी_स्टोअर्स
नटबोल्टची घाऊक विक्री, तीन गोदामं, चारेक हजार आयटम. हिशेब टॅली प्राइमवर, गोदामाचा स्टॉक एक्सेलमध्ये. मालकांना रोज सकाळी विक्री, येणी आणि शिल्लक माल एका पानावर लागतो. स्टॉकचे आकडे कधीच जुळत नाहीत. एक विक्रेता ईआरपी (खरेदी, विक्री, साठा, हिशेब सगळं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) सुचवतोय, दुसरा डॅशबोर्ड (आकडे आलेखात दाखवणारं पान). टीपीएस, एमआयएस, डीएसएस यांतलं आम्हाला नेमकं काय हवं?

सिस्टिम_सल्ला
यांतून एक निवडायचं नसतं. बिल, चलन, पावती नोंदवते ती टीपीएस. त्याच नोंदींवरून निघणारे ठरावीक रिपोर्ट म्हणजे एमआयएस. किती माल मागवावा, कुठला भाव परवडेल हे ठरवायला मदत करते ती डीएसएस. तुमचा घोळ पहिल्याच पायरीवर आहे, कारण एकाच मालाची नोंद दोन ठिकाणी होते. डॅशबोर्ड घेतलात तरी तेच चुकीचे आकडे आलेखात दिसतील.

स्टॉकचं एक्सेल बंद करा आणि तिन्ही गोदामं टॅलीत उघडा. गोदामातून गोदामात माल हलला की स्टॉक जर्नल (माल हलवल्याची टॅलीतली नोंद) झालंच पाहिजे. मग आयटम मास्टर (टॅलीतली मालाची मूळ यादी) साफ करा: ‘एम८ बाय २५’ आणि ‘बोल्ट ८ × २५’ अशी एकाच मालाची दोन नावं हमखास सापडतील. खरेदी किलोवर आणि विक्री नगावर असेल तर प्रत्येक साइजचे १०० नग तोलून टॅलीत पर्यायी एकक (किती नगांचं किती किलो) भरा. अंदाजाने भरलेलं वजन दर खरेदीला फरक वाढवत नेतं.

लेखापाल_पुणे
सर, एक भर घालतो. डिलिव्हरी नोटनेच (माल पाठवल्याची नोंद) स्टॉक कमी होतो. त्यावरून बिल करताना ऑपरेटरने ती नोट निवडली नाही, तर तोच माल दुसऱ्यांदा वजा होतो. खरेदीत रिसीट नोटचंही (माल आल्याची नोंद) तसंच, तिथे माल दुप्पट दिसतो. ऋण शिल्लक दाखवणारे आयटम आधी तपासा, बहुतेक चुका तिथेच सापडतात.

उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) आहेच. त्याचा आयआरएन (पोर्टलवरचा बिलाचा नोंदणी क्रमांक) २४ तासांतच रद्द करता येतो, त्यानंतर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) करावी लागते. चुकलेलं बिल टॅलीतून नुसतं खोडू नका.

भोसरी_स्टोअर्स
धन्यवाद. आणि माल मागवण्याचं?

सिस्टिम_सल्ला
त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर नको. रोजचा सरासरी खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक राखीव साठा. रोज ४० पेट्या, ६ दिवस, राखीव ८०, म्हणजे साठा ३२० पेट्यांवर आला की ऑर्डर. हा आकडा टॅलीत रीऑर्डर लेव्हल म्हणून टाकला की मागवायच्या मालाची यादी आपोआप निघते. सगळे आयटम एकदम घेऊ नका, ज्यांत जास्त पैसा अडकतो त्यांपासून सुरुवात करा.

ईआरपीचा विचार उत्पादन, बॅचवार तपासणी किंवा दुसऱ्या शहरातली शाखा आली की करा. गोदामातल्या मालाची मोजणी दिवसाचं शेवटचं चलन टाकल्यावरच घ्या आणि फरक फिजिकल स्टॉक व्हाउचरने (मोजलेला साठा नोंदवायचं टॅलीतलं व्हाउचर) टाका. सकाळी गाडी भरताना मोजलं की निम्मा माल कागदावर एकीकडे आणि गाडीत दुसरीकडे असतो.