डिझाइन आणि ॲजाइल एका संघात कसे नांदवावे?

हिंजवडीकर
आमचा संघ ९ जणांचा आहे: ६ डेव्हलपर, २ टेस्टर आणि एकच डिझायनर. औषध दुकानांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर आम्ही तयार करतो आणि ॲजाइल पद्धतीचे, म्हणजे थोडे थोडे तयार करून बदल स्वीकारत जाण्याचे, दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे ठरावीक टप्पे) गेली तीन वर्षे नेमाने पाळतो. अडचण अशी, की स्प्रिंटच्या पहिल्या दिवशी डिझाइन तयार नसेल तर डेव्हलपर खोळंबून राहतात, आणि तयार असेल तर ते इतके आधी केलेले असते की मधल्या काळात दुकानदाराची गरजच बदललेली असते. त्यातच ‘डिझाइन थिंकिंग आणि स्क्रम दोन्ही एकत्र राबवा’ असे फर्मान वरून आले आहे (डिझाइन थिंकिंग म्हणजे वापरकर्त्याची गरज समजून, नमुने करून तपासण्याची रीत; स्क्रम म्हणजे स्प्रिंटमध्ये काम करण्याची ॲजाइल चौकट). वापरकर्त्यांच्या भेटी, नमुना आणि चाचणी हे सारे दोन आठवड्यांत कोंबायचे, की डिझाइनसाठी वेगळा स्प्रिंट ठेवायचा? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

कोरी_पाटी
हे दुखणे ॲजाइलइतकेच जुने आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातील स्नोबर्ड येथे जमलेल्या १७ जणांच्या ॲजाइल जाहीरनाम्यासोबत जी १२ तत्त्वे आहेत, त्यांत चांगल्या डिझाइनचा उल्लेख आहे खरा, परंतु त्याचा रोख सॉफ्टवेअरच्या आतील रचनेकडे आहे. वापरकर्त्याला काय दिसावे हे कोणी आणि केव्हा ठरवायचे, याविषयी त्यात चकार शब्द नाही.

यावर मला सर्वांत उपयोगी वाटलेला तोडगा टोरांटोच्या एलियस कंपनीतला आहे, जी पुढे ऑटोडेस्कने विकत घेतली. तेथील लिन मिलर यांनी २००५ मध्ये समांतर मार्गांची पद्धत मांडली. समजा, डेव्हलपर तिसऱ्या स्प्रिंटचे काम करीत आहेत, तर त्याच काळात डिझायनर चौथ्या स्प्रिंटचे डिझाइन करतात, पाचव्यासाठी ग्राहकांकडून माहिती मिळवतात आणि दुसऱ्यात तयार झालेले काम वापरकर्त्यांपुढे ठेवून तपासतात. मग सुरुवातीला डेव्हलपरांनी काय करायचे? ज्यात प्रोग्रामिंग भरपूर पण पडद्यावरचे काम थोडे, अशा स्टोरी (कामाचे छोटे घटक) आधी हाती घ्यायच्या. तुमच्याकडे साठ्याचा हिशेब किंवा कराची आकडेमोड तशी असू शकेल. वेगळा ‘डिझाइन स्प्रिंट’ मात्र ठेवू नये. तो ठेवला की जुना वॉटरफॉल, म्हणजे एक टप्पा पुरा संपवूनच पुढचा सुरू करण्याची पद्धत, मागच्या दाराने घरात येतो.

मधली_सुट्टी
वरील पद्धत चांगली आहे, परंतु ती अनेक डिझायनर असलेल्या ठिकाणी बेतलेली आहे. तुमचा एकटा डिझायनर तीन स्प्रिंटच्या ओढाताणीत पिचून जाईल. माझ्या मते एखादा डेव्हलपर प्रत्येक भेटीला बरोबर जायलाच हवा.

आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी ॲप करीत होतो. सभासदाचे नाव यादीतून निवडण्याची देखणी स्क्रीन डेमोत सर्वांना पसंत पडली होती. सकाळी सहाला साताऱ्याजवळच्या एका केंद्रावर आमचा डेव्हलपर उभा राहिला, तेव्हा रांगेत किटल्या घेऊन तीसेक माणसे होती, केंद्रचालकाचे हात ओले होते आणि यादीत एकाच नावाचे तीन सभासद होते. चालक नावाने कोणालाच शोधत नव्हता. त्याला सगळ्यांचे क्रमांक तोंडपाठ होते. परतीच्या एसटीतच डेव्हलपरने यादी काढून मोठ्या आकड्यांचा कीपॅड बसवला आणि डिझायनरने दुसऱ्या दिवशी त्यावर हात फिरवला. हेच त्याला कागदावर कळवले असते, तर त्यावर निदान तीन बैठका झाल्या असत्या.

सहीची_वाट
सेवा कंपन्यांमध्ये खरी मेख कंत्राटात असते. क्लायंट फिग्मातील (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधील) स्क्रीनवर सही करतो आणि त्यानंतर चाचणीत काहीही निघाले तरी तो ‘चेंज रिक्वेस्ट’, म्हणजे ठरल्याबाहेरचा बदल, ठरतो. अशा ठिकाणी पद्धत कोणतीही आणा, डिझायनरला शिकलेले लपवावेच लागते. ब्रिटिश सरकारच्या डिजिटल सेवांमध्ये डिस्कव्हरी (गरजेचा शोध), अल्फा (नमुने), बीटा (प्रत्यक्ष बांधणी आणि चाचणी) आणि लाइव्ह (चालू सेवा) असे टप्पे असतात, आणि डिस्कव्हरीअखेर ‘हे बांधायलाच नको’ असा निर्णयही घेता येतो. आपल्याकडे असे वाक्य क्लायंटला लिहून पाठवण्याची हिंमत मी अजून कोणात पाहिलेली नाही. हिंजवडीकर, तुमचे उत्पादन स्वतःचे आहे, त्यामुळे या जाचातून तुम्ही सुटला आहात.

हिंजवडीकर
सर्वांचे आभार. पुढील स्प्रिंटपासून दर दुसऱ्या गुरुवारी डिझायनर आणि एक डेव्हलपर दुकानात जातील, आणि साठ्याच्या स्टोरी आम्ही पुढे ओढत आहोत. एक शंका उरते: या भेटींना स्टोरी पॉइंट, म्हणजे काम किती मोठे याच्या अंदाजाचे गुण, द्यावेत का?

कोरी_पाटी
देऊ नयेत. पॉइंट दिले की भेट ‘पूर्ण’ करण्याची घाई सुरू होते. त्याऐवजी नियोजनातच त्या डेव्हलपरचा एक दिवस वजा धरा, जसा आपण रजेचा धरतो.