बल्गेरियाची माघार आणि १९१८ चा शेवट
अमेरिकेच्या प्रवेशाने पहिल्या महायुद्धाचे पारडे फिरले, हे मत मला मान्य आहे. मात्र १९१८ मध्ये शेवट इतक्या झपाट्याने का आला, याचे उत्तर बाल्कनमधील मॅसेडोनियाच्या आघाडीकडे पाहिल्याशिवाय पुरे होत नाही, असे मला ठामपणे वाटते. ८ ऑगस्टला फ्रान्समधील आमियाँ येथे जर्मन फळी फुटली, तरी पश्चिमेकडे माघार घेत लढत राहणे शक्य होते. १५ सप्टेंबरला डोब्रो पोल्ये येथे फ्रेंच आणि सर्बियन सैन्याने जर्मनीच्या बाजूने लढणाऱ्या बल्गेरियाची फळी फोडली आणि २९ तारखेला बल्गेरियाने शस्त्रसंधी पत्करली, तेव्हा बर्लिनहून बल्गेरियाची राजधानी सोफियामार्गे तुर्कस्तानातील कॉन्स्टँटिनोपलला जाणारा लोहमार्ग तुटला आणि रुमानियाच्या तेलाचा भरवसा उरला नाही. (भुसावळ जंक्शन ठप्प झाले तर नागपूर आणि इटारसी या दोन्ही दिशांचे काय होईल, हे आम्हा खानदेशवासीयांना वेगळे सांगावे लागत नाही.) त्याच २९ सप्टेंबरला जर्मन सेनानी हिंडेनबुर्ग आणि लुडेनडॉर्फ यांनी कैसरसमोर (जर्मन सम्राटासमोर) तत्काळ शस्त्रसंधीचा आग्रह धरला. त्यानंतर ३० ऑक्टोबरला तुर्कस्तानने, ३ नोव्हेंबरला ऑस्ट्रिया-हंगेरीने आणि ११ नोव्हेंबरला जर्मनीने शस्त्रसंधीवर सह्या केल्या.